पांढऱ्या शेंगा आणि तुमचं ऑर्किड

ती. वन्सं,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (गुडघा वाकू देतो तेवढाच वाकून. बाकीचा मनातल्या मनात केला आहे, तो धरून घ्या.) तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी सकाळी वेळेवर घेता, की अजून आठवली तरच घेता? कानातलं यंत्र कानात असतं का, की डबीत ठेवून सगळ्यांना "तोंडातल्या तोंडात काय बोलता" म्हणून रागावता? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या बंधूंचा खोकला गेला, पण खोकण्याची सवय राहिली. मी काही अडचणीचं विचारलं की त्यांना ढास लागते आणि मी दुसऱ्या खोलीत गेले की थांबते. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे. मी म्हटलं, छाती साफ असेल हो, मनाचं काय?

तुमचं पत्र आणि कपांचं खोकं एकाच दिवशी पोचलं. सहाही कप शाबूत, एक टवकासुद्धा उडालेला नाही. निळी किनार फार गोड आहे. सूनबाईंनी लगेच दोन कप धुऊन चहा केला, आणि मी तो पीत पीत तुमचं पत्र वाचायला घेतलं. तुम्हाला नव्या घरी गॅलरी मिळाली, सकाळचं ऊन येतं, संध्याकाळी वारा येतो, हे वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग शेवटचं वाक्य आलं. येत्या रविवारी भाचेबुवा गाडी घेऊन येतील आणि "नऊ वर्षांपूर्वी तुझ्याकडे सांभाळायला ठेवलेलं माझं ऑर्किड" घेऊन जातील. हे वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चहा गार झाला.

वन्सं, ऑर्किड तुमचंच. त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. फक्त रविवार उजाडायच्या आत हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, मधली पानं सोडू नका. (तुमची ती सवय मला पक्की ठाऊक आहे. माझ्या बाळंतपणाच्या पत्रातलं मधलं पान तुम्ही सोडलंत आणि मुलगी झाली असताना मुलाची टोपडी विणून पाठवलीत.) कारण गेल्या पंधरवड्यात त्या झाडाच्या जिवावर बेतलं होतं. कोणामुळे बेतलं ते तुम्हाला दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. आमच्या इमारतीत अशी तोंडं भरपूर आहेत.

आधी शेंगांचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. तुमचं ऑर्किड आमच्याकडे येऊन तीनएक महिने झाले असतील, तेव्हा त्याची कुंडी बदलायची वेळ आली. (का आली ते इथे विचारू नका.) नेमकं त्याच सुमाराला मी न्हाणीघरात घसरून उजवं मनगट मोडून घेतलं होतं. तुमच्या बंधूंची पाठ तर तुम्हाला माहीतच आहे, जन्मापासून दुखते आहे. आता कुंडीच्या बुडाला पाणी निथळायला विटांचे तुकडे घालायचे, म्हणजे ती कुंडी उचलणार कोण? आमच्या सूनबाई काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी तिथून एक पोतंभर पांढरे तुकडे आणले. बरण्या आणि पेले खोक्यात आदळू नयेत म्हणून भोवती भरतात ना, ते. थर्माकोलसारखे हलके, भुईमुगाच्या शेंगेएवढे, मधे चिमटा घेतल्यासारखे. आम्ही त्यांना पांढऱ्या शेंगाच म्हणतो. म्हटलं, जे काचेला सांभाळतं ते मुळांना का नाही सांभाळणार?

तर कुंडीच्या बुडाला चार बोटं पांढऱ्या शेंगा, त्यावर जाळीचा तुकडा, त्यावर झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा, आणि त्यात ऑर्किड. वन्सं, कुंडी कशी झाली म्हणता? डाव्या हाताने उचलावी अशी! पाणी वरून घातलं की खालून झरझर बाहेर. मुळांना मोकळी हवा. या झाडाला पाणी हवं असतं पण पाण्यात बसायचं नसतं, माझ्यासारखंच. एकच खोड होती, कुंडी फार हलकी झाली. पहिल्याच वाऱ्याला गॅलरीतून उडाली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या गादीवर पडली. (गादी होती म्हणून वाचली. बाई वर आल्या तेव्हा तुमच्या बंधूंना जोराची ढास लागली.) मग मी बुडाला दोन गोटे ठेवले आणि त्यावर शेंगा. तेव्हापासून तक्रार नाही.

आणि गुण किती सांगू! चार वर्षांपूर्वी मी लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने तिच्याकडे गेले होते. झाडाची जबाबदारी तुमच्या बंधूंवर. परत आले तेव्हा मनाची तयारी करूनच गॅलरीचं दार उघडलं, आणि बघते तर ऑर्किड तरणंताठं! जुन्या सुरकुतलेल्या कांड्या गेलेल्या, नव्या हिरव्यागार, पानं अशी तुकतुकीत की जणू कालच दुकानातून आणलं. मी जागच्या जागी उडी मारली. (गुडघा तेव्हा बरा होता.) तुमच्या बंधूंना म्हटलं, बघा, शेंगांची किमया! त्यांना काही बोलवेना, इतका खोकला आला. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी सांगत आले की ऑर्किडच्या बुडाला पांढऱ्या शेंगा घाला आणि निश्चिंत गावाला जा.

आता गोळीवाल्यांकडे येते. आमच्या भागात एक कुंडी मंडळ आहे, महिन्यातून एकदा वाचनालयाच्या खोलीत जमतं. त्याचे चिटणीस म्हणजे हे गोळीवाले. जन्मभर औषधांच्या दुकानात गोळ्या मोजल्या, आता निवृत्त होऊन आम्हाला सल्ले मोजून देतात. मागच्या महिन्याच्या बैठकीत त्यांनी फळ्यावर नियम लिहिला की मंडळाच्या वार्षिक मांडणीत (प्रदर्शन म्हणा ना) फक्त नैसर्गिक साहित्य भरलेल्या कुंड्या घेतल्या जातील. वीट, कोळसा, साल, खडे. थर्माकोल, फोम किंवा "तत्सम पॅकिंगचा कचरा" चालणार नाही. कचरा! आणि हे लिहिताना डोळे कोणाकडे? माझ्याकडे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाच्या स्वतःच्या तोंडात एक दात नैसर्गिक नाही, आणि माझ्या कुंडीचं बूड नैसर्गिक हवं! बरं, यांच्या ऑर्किडला दोन वर्षांत एक कळी नाही. बुडाच्या विटा इतका वास मारतात की मांडणीत त्यांची कुंडी खिडकीजवळ ठेवावी लागते. मी उभी राहिले आणि म्हटलं, पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर दाखवते कचरा कोणता आणि सोनं कोणतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकदा टाळ्या पडल्या की माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

अशा त्या उभारीत तुमचं खोकं आलं. कप काढले आणि खाली बघते तर काय, पांढऱ्या शेंगा! खोकं भरून! आमच्या जुन्या जरा पिवळ्या पडल्या होत्या, या नव्या कोऱ्या, दुधासारख्या. मी म्हटलं, योग बघा. वन्संनी ऑर्किड परत मागितलं आणि त्याच्यासाठी शेंगाही धाडल्या. झाड जाणारच आहे तर थाटात जाऊ दे, नव्या कुंडीत, नव्या शेंगांवर. (खोटं कशाला सांगू, हे म्हणताना डोळ्याला पदर लावला होता.) गुरुवारी दुपारी मी निळ्या कुंडीत सगळं नव्याने बसवलं. जुन्या शेंगा वाया कशाला घालवायच्या, म्हणून त्या धुऊन वाळवून तुमच्या बंधूंच्या पाठीच्या उशीत भरल्या, तिचा कापूस केव्हाचा बसला होता. संध्याकाळी झाडाला दोन तांबे पाणी दिलं, छान बस हो म्हटलं, आणि झोपले.

शुक्रवारी बघते तर कुंडीत पाणी तुंबलेलं. खालच्या ताटलीत काय उतरलं असेल? पांढरं, दाटसर, कपड्याला खळ करतो ना, तसं. मी म्हटलं, नळालाच काहीतरी झालं. प्लंबरला बोलावलं. त्याने तासभर नळ खोलला, आत बघितलं, पुन्हा बसवला, आणि "पाणी ठीक आहे आजी" म्हणून गेला. मी म्हटलं, याला काही कळत नाही. शनिवारी कुंडीला मुंग्या लागल्या, अशी रांग की जणू तिथे कोणाचं लग्न आहे. मी सूनबाईंना बोलले की चहा करताना साखर सांडता आणि झाडाला भोगावं लागतं. त्या कामावर निघाल्या होत्या, चप्पल घालता घालता एवढंच म्हणाल्या, "आई, मी बिनसाखरेचा पिते." दोन वर्षं झाली म्हणे. मला कोणी सांगतच नाही काही.

रविवारी बैठक. सतरा माणसं होती, दाराशी उभी असलेली धरून एकोणीस. मी पिशवीतून तुमच्या खोक्यातल्या उरलेल्यांपैकी थोड्या शेंगा काढल्या आणि ग्रंथपालबाईंकडून काचेचा मोठा जार पाण्याने भरून मागून घेतला. ओंजळभर शेंगा जारात सोडल्या, जार मागच्या टेबलावर ठेवला, आणि लोकांकडे तोंड करून बोलायला लागले. वन्सं, काय बोलले मी! चौथी शिकलेली बाई, पण कोणी म्हटलं नसतं. म्हटलं, या शेंगा कुजत नाहीत. गंजत नाहीत. यांना कीड नाही, मुंगी नाही. माणसं बदलतील, मंडळाचे चिटणीस बदलतील, पण ही शेंग पाण्यात शंभर वर्षं ठेवा, तसूभर हलणार नाही. लोक मान उंच करून बघायला लागले. एक-दोघं हसले. मला वाटलं, पटतंय! मी आणखी जोरात. पुढच्या रांगेतल्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला, मला वाटलं भरून आलं त्यांना. मग मी गोळीवाल्यांकडे बोट करून विचारलं, आता सांगा, कचरा कोण? तेव्हा तो माणूस उठला, आणि इतक्या मऊ आवाजात, इतक्या मऊ आवाजात म्हणाला, "आजी, जरा मागे वळून बघता का?"

वळले. जारात शेंग नव्हती. एकही नव्हती. पांढरी पेज होती, वर दोन बुडबुडे. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आजी, छान खळ जमलीय. फाटकी पुस्तकं चिकटवायला ठेवून घेऊ का?" आणि मग जो हशा पिकला! दाराशी उभे असलेले दोघे तर बाहेर जाऊन हसून परत आले.

दुसरी कोणी असती तर तिथे शरमेने मेली असती. मलाही मरायचं होतं, पण तेवढ्यात ताटलीतली खळ आठवली. मुंग्या आठवल्या. तुंबलेलं पाणी आठवलं. म्हटलं, अगोबाई, या जारात झालंय तेच तिकडे कुंडीत झालंय, तीन दिवसांपासून! पिशवी तिथेच टाकली आणि निघाले. चप्पल घातली ती एक माझी आणि एक कोणाची कोण जाणे, पण माझ्या मापाची नव्हती. रस्ताभर फटाक फटाक वाजत होती आणि मागून हसणं ऐकू येत होतं, की मलाच वाटत होतं.

घरी तुमचे बंधू गॅलरीत नव्या उशीला टेकून शब्दकोडं सोडवत बसलेले. मी त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर कुंडी उलटी केली. वन्सं, तुम्ही बसून वाचताय ना? बुडाचा सगळा चिखल झाला होता, आंबूस वासाचा, आणि त्यात मुळं गुरफटलेली, तपकिरी, हाताला बुळबुळीत. मी मटकन खाली बसले. इतक्यात रविवारची पाळी संपवून सूनबाई आल्या. त्यांनी खोक्यातली उरलेली एक शेंग उचलली, बोटांत चुरली, आणि म्हणाल्या, "आई, या पिठाच्या आहेत."

"कसल्या?"

"पिठाच्या. मक्याच्या नाहीतर बटाट्याच्या. पाण्यात विरघळायलाच केल्यात, कचरा होऊ नये म्हणून. आमच्याकडेही दोन वर्षांपासून याच वापरतात. जुन्या बंद झाल्या."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं कप काढून खोकं टाकून दिलंत."

तुमच्या बंधूंनी हात पुढे करून एक शेंग घेतली, तोंडात टाकली, सावकाश चघळली आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

आता मला सांगा, मी चिडू की नको? पिठाच्या शेंगा! पॅकिंगच्या शेंगा पिठाच्या करायची बुद्धी कोणा शहाण्याला झाली? उद्या गोटे साखरेचे करतील. आणि केल्या तर केल्या, रंग तरी वेगळा द्यावा! सूनबाई म्हणतात, खोक्यावर लिहिलं होतं. दाखवलंही, मुंगीच्या अक्षरात. पण कुठे? खोक्याच्या बुडाला! कपांचं खोकं कोण उलटं करून वाचतं? तुम्ही तरी पत्रात एक ओळ घालायची होती. गुडघ्याला कोणतं तेल चोळायचं यावर दीड पान लिहिलंत, शेंगा पिठाच्या आहेत हे नाही लिहिलंत. मी तुम्हाला दोष देत नाही, मोठ्या आहात. फक्त लिहिलं नाहीत, एवढंच म्हणते.

असो. सूनबाईंनी बाह्या वर केल्या आणि आम्ही दोघींनी कोमट पाण्याच्या धारेखाली एकेक मूळ धुतलं. त्या कारखान्यात काचेचे पेले हाताळतात ना, बोटं इतकी हलकी, मी इतक्या वर्षांत कधी बघितलीच नव्हती. सडलेली मुळं कात्रीने छाटली, छाटलेल्या जागी दालचिनीची पूड लावली. शेवटी सहा मुळं उरली. आता बुडाला घालायचं काय? वीट घालीन तर नावाची नाही, असा मला तेव्हा राग होता. जुन्या शेंगा कुठे होत्या? तुमच्या बंधूंच्या पाठीमागे. मी उशी ओढली. ते "अगं, अगं" म्हणेपर्यंत टाके उसवलेसुद्धा. सूनबाईंनी मूठभर शेंगा आधी पाण्यात टाकून पाव तास वाट बघितली. तशाच्या तशा, नऊ वर्षांच्या जुन्या, खणखणीत! गोटे, शेंगा, जाळी, साल, कोळसा, आणि वर तुमचं ऑर्किड, काठीला दोऱ्याने बांधून. त्या दिवसापासून तुमचे बंधू उशीवाचून भिंतीला टेकून बसतात आणि दर तासाला उसासा टाकतात.

सूनबाईंना साखरेवरून बोलले होते, त्याची माफी मागायची होती, पण जमलं नाही. चहा करून दिला. बिनसाखरेचा.

दोन दिवसांनी गोळीवाले दारात. एका हातात माझी पिशवी, दुसऱ्या हातात माझी चप्पल. (ती दुसरी त्यांची निघाली. दोन दिवस माणूस काय घालून फिरला ते मी विचारलं नाही.) तुमच्या निळ्या किनारीच्या कपातून चहा दिला, दारात आलेल्याला देतेच मी. इकडचं तिकडचं बोलले, मग कुंडीकडे बघत हळूच म्हणाले की विटांच्या कुंड्या हल्ली उचलवत नाहीत, कमरेत भरतं, तर तुमच्या त्या जुन्या शेंगा थोड्या मिळतील का, मांडणीसाठी नाही, घरच्यासाठी. वन्सं, मला इतका आनंद झाला की राग कुठे ठेवू तेच कळेना! मी म्हटलं, कचरा आहे हो तो. ते म्हणाले, नियम मांडणीचा आहे. मी दिल्या. ओंजळभर दिल्या. फक्त जुन्या आणि तुमच्या खोक्यातल्या मिसळून दिल्या, आणि म्हटलं, निवडून घ्या, वाचनालयात जार आहेच.

तर असं आहे सगळं. भाचेबुवांना आशीर्वाद. नव्या गॅलरीच्या कठड्याला फार टेकू नका. मोठ्यांना नमस्कार लिहायचा तर आता तुमच्याहून मोठं कोणी उरलं नाही, तेव्हा तोही तुम्हालाच.

तुमची,
धाकटी

ता.क. झाड जगलं आहे. काल सकाळी कांडीच्या टोकाला काडेपेटीच्या काडीएवढा दांडा दिसला, त्याला मोहरीएवढ्या तीन कळ्या! मी सूनबाईंना झोपेतून उठवलं. पण मुळं सहाच आहेत. अशा आजाऱ्याला गाडीच्या गचक्यांतून इतक्या लांब पाठवणं मला काही बरं दिसत नाही. एका जुन्या कांडीवर आधीपासून एक पिल्लू फुटलेलं आहे, त्याला स्वतःची बोटभर मुळं आहेत. ते वेगळं करून छोट्या कुंडीत, खऱ्या शेंगांवर बसवून देते. भाचेबुवांनी ते न्यावं आणि मोठं झाड इथेच राहू द्यावं, एवढं मागायचं होतं. वरची सगळी पानं त्यासाठीच लिहिली.

ता.क. दुसरा. मनात ठेवून मरायचं नाही म्हणून लिहिते. तुम्ही ठेवलेलं ऑर्किड तिसऱ्याच महिन्यात गेलं. तुमच्या सूचनांचा कागद अजून माझ्या डब्यात आहे, "बुडाला विटा, वर तांबडी माती, रोज तांब्याभर पाणी." मी अक्षर न् अक्षर पाळलं, त्यानेच ते गेलं. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा तुमचे बंधू रोपवाटिकेतून तसंच जांभळं दुसरं घेऊन आले आणि ते मी शेंगांवर वाढवलं. तुम्ही फोटो बघून म्हणालात की रंग गडद झाला, तुझ्या हाताला गुण आहे. मी हो म्हटलं. गुण तर आहेच. तेव्हा वन्सं, रविवारी जे न्यायला येणार आहेत ते मुळात तुमचं नव्हेच, माझं आहे, आणि पिल्लू मी आपखुशीने देते आहे.

ता.क. तिसरा. पाकिटावरचा पत्ता नेहमी तुमचे बंधू लिहितात, त्यांचं अक्षर मोत्यासारखं. म्हणून पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि त्यांना ढास लागली. अशी लागली की मी पाणी आणून दिलं, पाठ चोळली, आणि तशीच समोर बसून राहिले. उठलेच नाही. मग थांबली आणि मग सांगितलं. मी लेकीकडे असताना यांनी माझ्या झाडाला मायेने रोज उरलेला चहा घातला. पाचव्या आठवड्यात ते गेलं. हे पुन्हा त्याच रोपवाटिकेत गेले. तिथल्या माणसाने म्हणे ओळखलं, "तेच ना, जांभळं?" त्याच कुंडीत, त्याच शेंगांवर बसवलं, आणि मी दार उघडून उड्या मारल्या! चार वर्षं मी आल्यागेल्याला ती उडी मारून दाखवते आहे, वन्सं, आणि हा माणूस शेजारी बसून खोकतो आहे!

म्हणजे पहिलं तुमच्या विटांनी मारलं, दुसरं यांच्या चहाने, आणि तिसरं तुमच्या खोक्याच्या तावडीतून मी आणि सूनबाईंनी ओढून काढलं. आता ते कोणाचं हे मला कोणी शिकवू नये. तरीही रविवारी गाडी पाठवाच, नक्की पाठवा. पुढच्या बाकावर पिल्लू ठेवते. मागच्या बाकावर तुमच्या बंधूंना बसवून देते. नव्या गॅलरीत सकाळच्या उन्हात ठेवा, माझा राग उतरला की कळवीन. त्यांना रोज तांब्याभर पाणी चालतं, चहाही चालतो. पाठीला उशी मात्र तुमची द्या. त्यांची कुंडीत आहे.